मागचं डावं चाक

मंगळवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही, याचं थोरलीला काही आश्चर्य वाटलं नाही. चार महिने ती शेडमध्ये नुसती बसून होती, आणि तिचं वय थोरलीच्या निम्म्याहून जास्त होतं. थोरली स्वतः एकसष्टची. चार महिने बसून राहिल्यावर आपणही पहिल्या हाकेला उठलो नसतो, असं तिला वाटलं आणि तिने गाडीला माफ केलं. आश्चर्याला सुरुवात झाली बुधवारी. गुरुवारी डोकं गरगरायला लागलं. आणि शुक्रवारी सकाळी ती शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून तेराचा पाढा म्हणत होती, आपलं डोकं अजून ठिकाणावर आहे की नाही ते बघायला.

पण ते पुढचं. आधी गाडी का हवी होती ते सांगायला हवं.

आईला शनिवारी तिच्या भावाकडे जायचं होतं. मामा अठ्ठ्याऐंशीचा, आईपेक्षा चार वर्षांनी मोठा. सोमवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी त्याच्या मुलाला बाजूला घेऊन जे काही सांगायचं ते सांगितलं होतं, आणि मामाने ते बाजूला घेणं पाहून जे काही समजायचं ते समजून घेतलं होतं. त्याने फोनवर आईला एवढंच विचारलं, "येशील का गं?" आई म्हणाली, "शनिवारी येते." म्हणजे जणू काही ती रोज उठून चार तासांच्या प्रवासाला जात होती.

आईचा उजवा गुडघा बारा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून वाकत नाही. पाय कायमचा सरळ. बसमध्ये तो मधल्या वाटेत येतो आणि प्रत्येक जण त्याला अडखळतो. टॅक्सी एकदा करून झाली होती, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला. आई सीटवर, पाय दाराबाहेर, आणि ड्रायव्हर म्हणतोय, "आजी, पाय आत घ्या." आई त्याला म्हणाली होती, "पाय आत घेता आला असता तर तुझ्या टॅक्सीत कशाला बसले असते? चालत गेले असते." ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर तिने तोंडच फिरवलं. भावाला भेटायला ती पेशंट म्हणून जाणार नव्हती.

राहिली ही गाडी. बाबा कारखान्यात फिटर होते. आई पडली त्याच महिन्यात त्यांनी पुढच्या सीटखालचे रूळ काढून वीतभर लांब केले होते, म्हणजे सीट मागे जाते आणि आईचा पाय आरामात सरळ राहतो. जगात आईला बसता येईल अशी ही एकच गाडी होती. ती सुरू झाली तर आई भावाला भेटणार, नाही झाली तर फोनवर बोलणार. आणि मामाला ऐकू कमी येत असे.

मंगळवारी थोरलीने सगळं रीतसर केलं. शेडचं दार उघडलं, बाबा करायचे तसं मागच्या डाव्या चाकाशी वाकून टायर हाताने दाबून पाहिला, आणि मग बसून चावी फिरवली. टक्. एवढंच. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरी उतरली होती. टोकांवर पांढरी बुरशी धरलेली. थोरलीने शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली होती, त्यामुळे गरम पाण्यात सोडा घालून ती बुरशी तिने पाच मिनिटांत उतरवली. बॅटरीवाला येऊन बॅटरी घेऊन गेला आणि दोन वाजता भरून आणून बसवूनही गेला. आता सेल्फ मारला तर गर्र गर्र गर्र आवाज जोरदार, पण गाडी काही उचलेना. शेडभर पेट्रोलचा वास कोंदला. आईच्या खोलीची खिडकी शेडच्या बरोबर समोर, त्यामुळे आतून आवाज आला, "अगं, माझं डोकं दुखायला लागलं त्या वासाने!" तोवर पावणेचार झाले होते. चार ते आठ थोरली वाचनालयाच्या काउंटरवर बसत असे. तिने दार लोटलं आणि ती गेली.

आता धाकटीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती त्याच घरात राहत होती.

धाकटी पंचावन्नची. घड्याळांच्या दुकानात दुरुस्तीला बसायची, सकाळी आठ ते पाच. दोघींचीही लग्नं झाली नव्हती, भांडणं मात्र झाली होती. शेवटचं दोन वर्षांपूर्वी. बाबा गेले त्यानंतर सहा महिन्यांनी धाकटीने एक गृहस्थ गाडी बघायला आणला. गाडी गंजत चालली आहे, कुणीतरी चालवेल तरी, असं तिचं म्हणणं. थोरलीने त्या गृहस्थाला फाटकातूनच परत पाठवला आणि शेजाऱ्यांच्या देखत धाकटीला म्हणाली, "ज्याच्या हातात बाबांनी पुन्हा कधी चावी दिली नाही, त्याने विकायच्या गोष्टी करू नयेत." हे खरं होतं. धाकटीने पंचविसाव्या वर्षी गाडी मागे घेताना फाटक पाडलं होतं, आणि त्यानंतर बाबांनी तिला चावी दिली नव्हती. खरं होतं म्हणूनच ते फार लागलं. धाकटी काही न बोलता आत गेली, आणि ते न बोलणं आजतागायत चालू होतं.

एका छपराखाली दोन वर्षं अबोला धरायचा तर मध्ये कुणीतरी लागतं. ते काम आईकडे आलं. दोघी जेवायला समोरासमोर बसत आणि थोरली म्हणे, "आई, तिला सांग, गॅस संपत आलाय." आई धाकटीकडे बघून म्हणे, "गॅस संपत आलाय गं." धाकटी म्हणे, "आई, तिला सांग, मी नंबर लावलाय." आई थोरलीकडे वळे, "लावलाय तिने." आधी आई यावर चिडायची. मग हसायची. हल्ली नुसता निरोप पोचवायची आणि घास घ्यायची.

तर बुधवार. थोरली नेहमीप्रमाणे चाकाशी वाकली, टायर दाबला, सेल्फ मारला. गर्र गर्र. गाडी नाहीच, पण आज वासही नाही. जरासुद्धा नाही. काल शेडभर पेट्रोल आणि आज जणू गाडी पाण्यावर चालणारी. थोरलीने काठी घालून टाकी पाहिली. अर्धी भरलेली. मग तिने बाबांची वही काढली.

ही वही म्हणजे थोरलीचा मोठाच आधार. बाबांनी तीस वर्षांत गाडीचं जे जे दुखणं झालं ते त्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. थोरलीला गाडी चालवायला उत्तम येत होती, पण बॉनेटखाली काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबा गाडी तयार ठेवायचे आणि चावी तिच्या हातात द्यायचे. बॉनेटखाली त्यांच्या शेजारी पान्हे घेऊन उभी असायची ती धाकटी. तर वहीत लिहिलं होतं: "प्लग काढून पाहणे. कोरडे असल्यास पंप." थोरलीने चारही प्लग काढले. कोरडे ठणठणीत. पुढे लिहिलं होतं: "वायरींचा क्रम तपासणे. एक, तीन, चार, दोन."

ठिणगी ज्या काळ्या डब्यातून चार प्लगांना वाटली जाते, त्या डब्याच्या वायरी तिने तपासल्या. चालकाच्या बाजूने पहिला प्लग तो एक नंबर, असं धरून मोजलं तर सगळ्या वायरी उलट्यापालट्या लागलेल्या. थोरलीला हायसं वाटलं. दोष सापडला! तिने चारही वायरी उपटून वहीप्रमाणे लावल्या आणि सेल्फ मारला. फट्! कालच्या उरल्यासुरल्या वाफेचा कार्बोरेटरमधून बंदुकीसारखा बार निघाला, आणि नंतर पुन्हा नुसती गर्र गर्र. ती मारत राहिली. मारता मारता आवाज मंदावला आणि बाराच्या सुमाराला बॅटरीने मान टाकली.

वाचनालयात त्या संध्याकाळी तिने एका वाचकाला दुसऱ्याच्याच नावावर पुस्तक दिलं.

गुरुवारी ती उठली तेव्हा बॅटरीवाल्याला फोन करायचा असं ठरवूनच. सहज म्हणून चावी फिरवली, तर सेल्फ दणक्यात फिरला. थोरली चपापली. काल मेलेली बॅटरी रात्रभर झोप काढून आज तरतरीत? प्रयोगशाळेत तिने असा चमत्कार कधी पाहिला नव्हता. तिने बॉनेट उघडलं, आणि मग मात्र तिचं डोकं गरगरलं. वायरी पुन्हा जुन्या जागी होत्या. तिने कालच बदलल्या होत्या. की नव्हत्या? बदलल्या होत्या, हाताला काळं लागलं होतं, साबणाने घासलं होतं. की ते प्लगचं काळं होतं?

शंका घ्यायला घरात दुसरं होतं कोण? आई खाटेवरून उतरायलाही काठी आणि पाच मिनिटं घेते. धाकटी त्या गाडीचं तोंडही पाहत नाही, विकायला निघाली होती ती. आणि चावी एकच, ती थोरलीच्या पर्समध्ये, पर्स रात्री उशाशी. चावीशिवाय गाडीला कोण काय करणार, असं तिला वाटलं. बॉनेट उघडायला चावी लागत नाही हे रोज बॉनेट उघडूनही तिच्या लक्षात आलं नाही. माणूस गोंधळला की असंच होतं.

मग तिने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक आला तो हातात एक छोटा स्क्रीन आणि त्याला लोंबणारी वायर घेऊन. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "मावशी, हा जोडायचा कुठे?"

"काय ते?"

"हा जोडला की गाडी सांगते तिला काय होतंय."

"ही गाडी सांगणाऱ्यातली नाही," थोरली म्हणाली. "हिचं आपल्यालाच ओळखावं लागतं."

त्याने शेवटी स्क्रीन बाजूला ठेवला, पंपाची नळी काढली आणि थोरलीला सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून थेंब येईना. "पंप गेला," तो म्हणाला. "हा पंप आता बनत नाही. कुठे जुना मिळाला तर दहा-बारा दिवस."

"मला परवा सकाळी सात वाजता निघायचंय."

"मग दुसरी गाडी बघा ना, मावशी." भला माणूस होता. त्याला पायाची गोष्ट माहीत नव्हती, आणि थोरलीला ती पुन्हा सांगायची ताकद नव्हती.

तो गेल्यावर ती हट्टाला पेटली. पंपाचं पंपापाशी, पण वायरी तरी जागेवर राहिल्या पाहिजेत. तिने चार चिठ्ठ्या केल्या, प्रयोगशाळेत बाटल्यांना लावायची तशा, त्यांवर आपल्या ठसठशीत अक्षरात एक, दोन, तीन, चार लिहिलं, प्रत्येक वायरीला एकेक दोऱ्याने घट्ट बांधली, आणि वायरी वहीप्रमाणे लावल्या. वर तारीखही टाकली. आता गाडी स्वतःच्या वायरी स्वतः बदलत असली तरी पुरावा राहणार होता.

शुक्रवारी सकाळी चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. दोरे घट्ट. अक्षर तिचंच, तारीख तिचीच. फक्त "एक" आता चालकाच्या बाजूला नव्हता. "एक" पार पुढे, रेडिएटरच्या बाजूला गेला होता, आणि बाकीचे तिघे त्याच्या मागून शिस्तीत.

थोरली बादलीवर बसली ती तेव्हा. तिची मावशी सत्तरीत माणसं विसरली होती. सुरुवात अशीच झाली होती, डबे भलत्याच फळीवर ठेवण्यापासून. मावशीलाही वाटायचं की घरात कुणीतरी येऊन डबे हलवतं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. पाढा बिनचूक आला. तरी भीती जाईना. उद्या आईला घेऊन चार तास गाडी चालवायची, आणि वाटेत आपण कुठे निघालो तेच विसरलो तर? गाडी सुरू होत नाही हे एका परीने बरंच आहे, असा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचाराची तिला भयंकर लाज वाटली.

दिवसभर तिने कशाला हात लावला नाही. दुपारी ती आईच्या खोलीत गेली. आईने उद्यासाठी पिशवी भरून ठेवली होती. मामाला द्यायची म्हणून त्यांच्या लहानपणचा एक फोटो वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"आई," थोरली खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "मला काहीतरी होतंय गं. मी एक करते आणि सकाळी दुसरंच झालेलं असतं. गाडी उद्या निघेल असं वाटत नाही. आणि मी तुला न्यावं असंही..."

"दुसरंच म्हणजे?"

"वायरी मी लावते एका जागी. सकाळी वेगळ्या. बॅटरी उतरते, सकाळी भरलेली. माझंच डोकं..."

"अगं, पण ते ती करते ना. संध्याकाळी."

"कोण ती?"

"ती कोण म्हणून काय विचारतेस? आल्यावर चहासुद्धा घेत नाही, सरळ शेडमध्ये. तो डोळ्याचा चष्मा एका बाजूने लावून तास तास वाकलेली असते. बाबांचा तो बॅटरी भरायचा डबा तिनेच दुरुस्त केला. रात्रभर लावून ठेवते." आईचा हात फोटोवर थांबला. "सकाळी तू, संध्याकाळी ती. मला वाटलं, तुमचं बोलणं सुरू झालं. निरोप अजून माझ्याकडूनच येतात, पण म्हटलं ती सवय असेल. शेडमध्ये बोलत असतील. मी तर भावाला फोनवर सांगितलंसुद्धा, की दोघी मिळून गाडी लावतायत, दोघी घेऊन येतायत."

आपल्याला वेड लागत नाहीये, हे कळल्याचा आनंद थोरलीला खरं तर उड्या मारण्याइतका व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग राग आला, की माझ्या मागे माझ्या वायरी! आणि मग आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. चार दिवस ही बाई खिडकीत बसून खूश होती. गाडी होईल म्हणून नव्हे, मुली बोलतायत म्हणून.

"हो का," थोरली एवढंच म्हणाली. तिने वाचनालयात फोन करून सुट्टी घेतली.

साडेपाचला धाकटी शेडमध्ये आली तेव्हा थोरली चालकाच्या सीटवर बसलेली होती. धाकटी दारातच थबकली. गळ्यात घड्याळजीचं भिंग, हातात बारीक पेचकस. परत फिरावं की काय, असं तिच्या पायांना वाटलेलं दिसलं. मग तिने सरळ येऊन बॉनेट उघडलं. बॉनेट वर गेलं आणि दोघींच्या मध्ये पत्र्याची भिंत उभी राहिली. थोरलीला आता फक्त तिचे जोडे दिसत होते.

आज वायरी जागच्या जागी आहेत, हे धाकटी बघत असावी. मग बॉनेटमागून, खिडकीच्या दिशेने, आवाज आला, "आई, तिला सांग, चावी फिरव म्हणावं."

खिडकीतून उत्तर आलं, "माझा घसा बसलाय."

आवाज खणखणीत होता. थोरलीला हसू आलं आणि ते तिने दाबलं. पलीकडे जोडे जरा हलले. आता कुणी बोलावं? मी तरी का बोलू, असं थोरलीला वाटत होतं. चावी माझ्याकडे आहे, पण बोलायला सुरुवात करायची ती मी का? आणि ज्या अर्थी हा प्रश्न मनात आला, त्या अर्थी दोन वर्षं आपल्याच बाजूने अडलंय की काय, अशीही शंका आली.

बॉनेटवर दोन टिचक्या वाजल्या.

"फिरव," धाकटी म्हणाली. आईला नव्हे.

थोरलीने फिरवली. गर्र गर्र गर्र. काही नाही.

"नळ उघडलास ना?"

"कुठला नळ?"

बॉनेटमागून धाकटी बाहेर आली. भिंग कपाळावर सरकवलेलं, तोंडावर काळा डाग. दोन वर्षांत त्या पहिल्यांदा एकमेकींकडे सरळ बघत होत्या, आणि दोघींना काही म्हणजे काही समजत नव्हतं.

"पेट्रोलचा नळ, ताई. बाबांनी टाकीखाली बसवलेला. मंगळवारी आईला वासाचा त्रास होत होता म्हणून मी कार्बोरेटर रिकामा केला आणि नळ बंद केला. तुला सकाळी उघडायचा होता. बाबा रोज सकाळी उघडायचे आणि मग तुला चावी द्यायचे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? रोजचं होतं ते. मागच्या डाव्या चाकापाशी वाकायचे बघ."

थोरली गाडीतून उतरली. मागच्या डाव्या चाकाशी गेली, आणि रोज वाकायची तशी वाकली. टायरवर तिचा हात होता. त्याच्या वर, आतल्या बाजूला, हातभरसुद्धा नव्हे, चार बोटांवर, एक पितळी नळ होता. बाबा गेल्यापासून अडीच वर्षं तिने बाबांची नक्कल म्हणून हा टायर दाबला होता. हवा बघतात, असं तिला वाटायचं. आणि बाबांनी वहीत सगळं लिहिलं, पण हे नाही. रोज हाताने होणारी गोष्ट कोण लिहून ठेवतं?

"म्हणजे पंप गेलेला नाही," ती म्हणाली.

"पंप? कुणी सांगितलं पंप गेला?" धाकटीही येऊन शेजारी बसली होती. "ताई, मला वाटलं, तू मुद्दाम करतेस. मी वायरी नीट लावून ठेवायची, तू उपटून टाकायची. एक नंबर रेडिएटरकडून मोजतात. म्हणून काल तुझ्या चिठ्ठ्याच बदलून ठेवल्या, म्हटलं निदान वाचशील. मला वाटलं, मी हात लावलेला तुला चालत नाही."

"आणि मला वाटलं, मी मावशीसारखी होतेय." थोरली म्हणाली. "सकाळपासून पाढे म्हणतेय गं मी."

धाकटीने काळ्या हाताने थोरलीचा हात धरला, टायरवरचाच, आणि दोघी तशाच चाकापाशी बसून राहिल्या. हसायचं की रडायचं ते दोघींनाही ठरवता येईना.

"चावीवरून बोलले ते," थोरली म्हणाली, "फार वाईट बोलले मी."

"हो," धाकटी म्हणाली. "बोललीस." तिने नळ फिरवला. "आता जा, सेल्फ मार. भरायला वेळ लागेल."

"तू मार."

"मी?"

थोरलीने चावी तिच्या हातात ठेवली. धाकटी सीटवर बसली ती दोन्ही हात मांडीवर पुसून. गर्र गर्र गर्र. पुन्हा. पुन्हा. सातव्या की आठव्या वेळी इंजिन खोकलं, मग एकदा ठसकलं, आणि मग सगळं शेड दणाणून गाडी सुरू झाली. इतका धूर झाला की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते धुराचंच आहे असं दोघी धरून चालल्या.

शनिवारी सात वाजता त्या निघाल्या. थोरली चालवायला, शेजारी आई पाय लांब करून, मागे धाकटी, मांडीवर बाबांची पान्ह्यांची पिशवी. फाटकातून बाहेर पडेपर्यंत कुणी श्वास सोडला नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "हे उघडायचे ना तो नळ, मी रोज खिडकीतून बघायची. मंगळवारी हिने बंद केला. तू काही उघडताना दिसली नाहीस. म्हटलं, तुमचं काहीतरी ठरलं असेल."

थोरलीने आरशातून धाकटीकडे पाहिलं. धाकटी आरशातून तिच्याकडे बघत होती.

"आई!" थोरली म्हणाली. "चार दिवस! मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" आई रागावली नव्हती. ती समोर रस्त्याकडे बघत होती, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो धरून. "दोन वर्षं झाली. हिला सांग, तिला सांग. मी सांगते. मला कुणी काही विचारत नाही."

थोरलीला वाटलं, गाडी थांबवावी आणि उतरून आईच्या पाया पडावं. पण गाडी थांबवायची हिंमत तिच्यात नव्हती. एक वळण गेलं, एक पेट्रोलपंप गेला. मग मागून धाकटी पुढे वाकली.

"आई," तिने विचारलं, "पाय नीट आहे ना गं तिथे?"

"नाही," आई म्हणाली. "ही सीट दोन बोटं पुढे हवी. बारा वर्षं टाच लटकते माझी."

थोरलीने गाडी हळूच कडेला घेतली. इंजिन मात्र बंद केलं नाही. धाकटी मागच्या दाराने उतरली, पुढचं दार उघडून सीटखाली हात घातला आणि खटका ओढला. "इथे?" तिने विचारलं. "अजून जरा," आई म्हणाली. "इथे?" थोरलीने विचारलं. "हं. आता बरं आहे," आई म्हणाली आणि तिने टाच टेकवली.